आईच्या वाट्याचे दोन लिटर

१२ सप्टेंबर

आई यायला तयार झाली. तीन आठवडे ‘मला कशाला, गुडघं दुखत्यात’ चाललं होतं. शेवटी म्हटलं, तात्या असते तर त्यांनी तुला साताऱ्याच्या पुढं तरी नेलं असतं का? त्यावर तिनं कॅलेंडर काढलं. मग म्हणाली, “दोन तारखेला गावात ग्रामसभा हाय. त्याच्या आत मला माघारी आण. तेवढं कबूल कर.” केलं कबूल.

डायरीत खोटं लिहून काय मिळणार? आईला परदेश दाखवायचाच होता, पण खरं कारण कस्टमचं आहे. परदेशातून येताना माणशी दोन लिटर मद्य बिनड्युटीचं सोडतात. आकाश सरांना जॉर्जियाची वाइन हवी आहे, तिथल्या खेड्यांत मातीच्या रांजणात मुरवतात ती. मी आणि बायको उज्वला मिळून चार लिटर होतात, आई आली की सहा. ती स्वतः थेंबाला शिवत नाही, म्हणजे तिच्या वाट्याचे दोन लिटर नाहीतर फुकटच जाणार.

आकाश सर आमचे डायरेक्टर. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. जासईच्या कंटेनर यार्डाचा हेड त्यांना दिवाळीच्या आत ठरवायचा आहे. एक मी, दुसरा भावेश. भावेश तिथलाच, जासईचा. त्याच्या हाताखालची पोरं संप करत नाहीत, ड्रायव्हर त्याचं ऐकतात, आणि दर आठवड्याला तो सरांच्या घरी खाडीतल्या जिवंत चिंबोऱ्या पोचवतो. माझ्याकडे चिंबोऱ्या नाहीत.

वाइन म्हणजे दारू नव्हे हे आईला समजावण्याच्या भानगडीत मी पडणार नाही. माझे वडील, तात्या, देशी पिऊन गेले तेव्हा मी नववीत होतो. पुढं आईनं गावातल्या बायका गोळा केल्या, सह्या घेत दारोदार फिरली, मतदान लावलं आणि देशीचं दुकान बंद पाडलं. पेपरात फोटो आला होता. तेव्हापासून गावात विजयमालाकाकू म्हणजे मोठं नाव. आता हायवेला माझा चुलतभाऊ बाबासो हॉटेल काढतोय आणि त्याला परमिट रूमसाठी ग्रामसभेचा ठराव हवाय. आईला तो हाणून पाडायचा आहे. गावचं राजकारण गावात. मी त्यात नसतो.

२१ सप्टेंबर, तिबिलिसी

थंडी छान. आईनं लुगड्यावर माझं जुनं जॅकेट घातलंय आणि पायात बूट. रस्त्यावरचे लोक थांबून हसतात, तिच्यासोबत फोटो काढतात. ती सगळ्यांना नमस्कार करते. गावच्या महिला मंडळातल्या बायकांसाठी तिनं अक्रोड घेतले, बाराजणींच्या बारा पुड्या स्वतःच्या हातानं बांधल्या.

उज्वला विचारत होती, “आईंना बाटल्यांचं सांगितलंत का?” म्हटलं, तू फोटो काढ.

२३ सप्टेंबर, सिघनाघी

आजचा दिवस वसूल.

डोंगरावर गाव, खाली नजर जाईल तिथवर द्राक्षाचे मळे. तोडणी चालू आहे. ज्यांच्याकडे गेलो त्या घराच्या तळघरात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण. आई वाकून बघत म्हणाली, “आपल्याकडं जोंधळ्याचं पेव असायचं, तसं हाय की!” मालकाला ती फार आवडली. त्यानं मातीच्या वाडग्यात काळपट लाल वाइन भरून आधी तिच्यापुढं धरली.

तिनं माझ्याकडं बघितलं. “काय हाय रं?”

“द्राक्षाचा रस. आत्ता काढलेला.”

का म्हटलं? तिथं सगळं समजावत बसलो असतो तर मालकाचा अपमान झाला असता. शिवाय मला वाटलं, एक घोट घेईल, तोंड वाकडं करेल, थोडी गंमत. फोन काढला. तिनं दोन्ही हातांनी वाडगा धरला, देवाचं तीर्थ घ्यावं तसा आधी कपाळाला लावला आणि प्यायली. थांबली. पुन्हा प्यायली. सगळा वाडगा संपवला, पदरानं ओठ पुसले आणि हसत म्हणाली, “ग्वाड हाय. अजून दे थोडा.”

मी इतका हसलो की फोन हलला. उज्वला उठून बाहेर गेली.

व्हिडिओ आकाश सरांना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर: ‘आंटी रॉकस्टार आहेत! घेतात त्या?’ मी लिहिलं, ‘हो सर, दर्दी आहे आई. तुमच्यासाठी तीच निवडतेय.’ एवढं मोठं उत्तर सरांनी मला आजवर कधी दिलं नव्हतं. व्हिडिओ स्टेटसलाही ठेवला.

आई येताना गाडीत झोपली. गाल लाल झाले होते. किती दिवसांनी तिला असं झोपलेलं बघितलं.

२५ सप्टेंबर

नऊ बाटल्या घेतल्या. पाऊण लिटरची एक, म्हणजे दोन लिटरात अडीचच्या जरा वर बाटल्या, पण अर्धी बाटली कोण आणतं? तिघांच्या बॅगेत तीन-तीन. पाव लिटरसाठी कोण अडवणार?

आईच्या बॅगेत ठेवायला गेलो तर ती समोरच बसलेली. म्हणाली, “ह्ये काय?”

“अक्रोडाचं तेल. तुझ्या गुडघ्यासाठी. इथलं फार नावाजलेलं आहे.”

“तीन बाटल्या? माझ्या गुडघ्याला?”

“मग काय, वर्षभर लावायचं ना.”

तिचे डोळे भरले. तिनं स्वतः आपली इरकली लुगडी काढली आणि एकेक बाटली तान्ह्या पोरासारखी गुंडाळली. म्हणाली, “तुज्या बापानं कदी इचारलं न्हाई, गुडघं दुखत्यात का म्हणून.”

उज्वला हे बघत होती. नंतर म्हणाली, “अहो, अजून वेळ आहे, सांगा त्यांना.” मी म्हटलं, आता सांगितलं तर इथंच रडारड करेल. घरी पोचलो की बाटल्या काढून घेऊ, तेल म्हणून दुसरं काहीतरी देऊ. कुणाचं काय बिघडतंय?

२७ सप्टेंबर, खारघर

काल विमानतळावर झालं ते लिहून मोकळा होतो.

मी आणि उज्वला सहज बाहेर पडलो. आईची बॅग स्कॅनरवर थांबली. कस्टमची ऑफिसर मराठी बाई होती, आवाज मऊ. “आजी, बाटल्या कसल्या आहेत?”

“तेल हाय बाई. गुडघ्याचं. माज्या लेकानं घेतलंय.”

आईनं नुसतं ‘मला ठाऊक नाही’ म्हटलं असतं तरी सोडलं असतं. पण तेल म्हटल्यावर बाईला संशय आला. बॅग टेबलावर घेतली, लुगडी उलगडली. मागं पन्नास माणसं ट्रॉल्या घेऊन उभी. तीन बाटल्या ओळीनं लागल्या, लेबलावर द्राक्षाचे घड.

“आजी, ही दारू आहे.”

“न्हाई हो. तेल हाय. रंजा, सांग की ह्यास्नी.”

बाईनं माझ्याकडं बघितलं. “तुम्ही भरल्यात?”

आता मी हो म्हटलं असतं तर माझी आणि उज्वलाची बॅगही उघडली असती. खोटं सांगून आणल्या असा ठपका, वर नऊच्या नऊ बाटल्या गेल्या असत्या. एका क्षणात एवढं सगळं डोक्यात येतं. मी म्हटलं, “नाही मॅडम. तिनंच घेतल्या. वय झालंय, आता लक्षात राहत नाही तिच्या.”

मागं कुणीतरी हसलं. “आजी शौकीन आहेत.”

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. बाटल्यांकडं बघत राहिली. मग बाईला म्हणाली, “माज्याच हायत. कुटं सही करायची?” जादा मालाच्या ड्युटीची पावती तिच्या नावानं झाली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली तिची ती मोठ्या अक्षरांतली सही, पूर्ण नाव, काना-मात्रा जपून. बाईनं बाटल्या परत बॅगेत ठेवल्या. आई म्हणाली, “लुगड्यात नका गुंडाळू.”

टॅक्सीनं वाशीचा पूल ओलांडला. मग आईनं एकच विचारलं.

“त्यो रस बी ह्योच व्हता का?”

“आई, एवढं काय त्यात. औषधासारखी असते ती.”

आज दिवसभर तिच्या खोलीत आहे. लुगडी बादलीत भिजत घातली होती, दोनदा धुतली. नऊ बाटल्या मात्र सुखरूप.

२९ सप्टेंबर

बाबासोचा फोन. “दादा, काकूचा व्हिडिओ लई भारी! स्टेटसवरनं उडाला की, मला पाठव.” पाठवला. नाही म्हणायला कारण नव्हतं. भाऊच आहे.

उज्वलाला सांगितलं तर ती हातातली पोळी टाकून माझ्याकडं बघत राहिली. “बाबासोला? तीन दिवसांवर ग्रामसभा आहे.” मी म्हटलं, घरातली मजा आहे, तो काय चावडीवर लावणार आहे?

१ ऑक्टोबर

आईला कळंबोलीला साताऱ्याच्या एसटीत बसवून आलो. गाडीची वाट बघताना ती आपणहून बोलली. उज्वलानं तिला व्हिडिओचं सांगितलेलं दिसतंय.

“त्यात मी काय म्हणाले रं?”

“अजून दे म्हणालीस.”

“खरंच ग्वाड लागलं हुतं मला,” ती म्हणाली. “अंगात ऊब आली. वाटलं, अजून असावं.” पिशवीतल्या पुड्या सारख्या केल्या. “तुज्या बापाला त्यात काय दिसत हुतं त्ये मला जल्मात कळलं न्हाई. म्हणून तर मी भांडू शकले त्येच्याशी, समद्या गावाशी. तू मला त्ये कळू द्याया नको हुतं.”

मी म्हटलं, गाडी आली, चढ.

अक्रोडांच्या बारा पुड्या पिशवीत घेऊन गेली. सोबत जायला हवं होतं असं उज्वलाचं म्हणणं. पण उद्या आकाश सरांकडं जेवण आहे. गांधी जयंतीची सुट्टी, सगळीकडे ड्राय डे, दुकानं बंद. म्हणून तर माझ्या बाटल्यांना भाव.

२ ऑक्टोबर

आत्ताच आलो.

सरांचा फ्लॅट नेरूळला, खिडकीतून सगळी खाडी दिसते. आठदहा माणसं. भावेशनं चिंबोऱ्या आणल्या होत्या, पण आज टेबलाच्या मध्यात माझ्या बाटल्या. सरांनी स्वतः माझी खुर्ची आपल्या शेजारी ओढली. म्हणाले, आंटींची गोष्ट सांग सगळ्यांना. मी सांगितली. आई तळघरात कशी उतरली, कुठल्या रांजणातली घ्यायची हे तिनं कसं चव घेऊन ठरवलं. लोक टाळ्या देत होते.

तेवढ्यात फोन वाजला. बाबासो. सर म्हणाले, “गावाहून? आंटी आहेत का? स्पीकरवर टाक!” टाकला.

“दादा, ग्रामसभेतनं बोलतुय. तिकडचा आवाज हितं समद्यास्नी ऐकू येतुय. सरपंच हायत, ग्रामसेवक हायत, बायाबापडी हायत. आमी तुजा व्हिडिओ दावला. काकू म्हणत्यात, त्यास्नी रस म्हणून फसवून पाजली. म्हटलं वाद कशाला, दादालाच इचारू. तू सांग, काकूला ठावं हुतं का न्हवतं?”

सर माझ्याकडं बघून हसत होते, पुढं काय गंमत येतेय म्हणून.

मग आईचा आवाज आला. लांबून, पण स्पष्ट. “रंजा, खरं काय त्ये सांग.”

पाच मिनिटांपूर्वी मी जे सांगितलं होतं ते सगळं त्या टेबलावर तसंच मांडलेलं होतं. खरं सांगितलं असतं तर सरांसमोर मी कोण उरलो असतो?

मी म्हटलं, “आईला ठाऊक होतं.”

तिकडून एक बाई हसली, मग पुष्कळ. कुणीतरी म्हणालं, “म्हातारी लेकावर ढकलती व्हय!” बाबासोनं फोन ठेवला.

सरांनी ग्लास वर केला. “आंटींच्या नावानं!” सगळे प्यायले. मीही.

भावेशनं आपला ग्लास खाली ठेवला. तो पिणारा माणूस आहे, यार्डात सगळ्यांना माहीत आहे. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “दादा, आई हाय ती तुजी.” एवढंच बोलून चपला घालून निघून गेला. सरांचा निरोपही घेतला नाही. याला वागायचं कसं ते कळत नाही, हे सरांनाही आज दिसलं असेल.

गाडीत उज्वला म्हणाली, “तुमचे वडील मारायचे ते निदान दिसायचं तरी.”

मी रेडिओ लावला. ती दमलेली होती.

३ ऑक्टोबर

ठराव झाला. बाबासोला परमिट मिळणार. आईच्या बाजूनं सात हात वर आले म्हणे. गावातली माझी मावसबहीण राजश्री फोनवर सांगत होती. आईनं वाटलेल्या अक्रोडाच्या पुड्या बायकांनी सभेतच परत केल्या. कुणीतरी ओरडलं, वास घेऊन बघा गं, त्यातबी असंल काय तरी. आई उठून एकेक पुडी गोळा करत होती आणि लोक तिच्या बाजूनं वाट काढत घरी चालले होते.

राजश्री रडत होती. मी म्हटलं, महिन्याभरात लोक विसरतील.

आईला फोन केला. वाजला, उचलला नाही. एक बाटली सरांकडून परत आणली होती, ती उघडली. थोडीशीच घेतली. ही त्या रांजणातली नव्हे, जरा आंबट आहे.

८ ऑक्टोबर

रोज एकदा फोन करतो. उचलत नाही. मी करायचं ते करतोय.

१८ ऑक्टोबर

यार्ड हेड! पत्र हातात आलं. सर म्हणाले, “तुझ्यात माणसं सांभाळायची कला आहे.” भावेशनं येऊन हात मिळवला, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

पेढे घेऊन घरी आलो. उज्वलानं डबा देवापुढं ठेवला, स्वतः खाल्ला नाही. आईला मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलं तिनं. वाचलं म्हणजे आनंद झालाच असणार.

९ नोव्हेंबर

आज गावाला जाऊन आलो. नवी गाडी, चार तास. उज्वला आली नाही. म्हणाली, “मला तोंड नाही.”

आई अंगणात शेंगा निवडत होती. बारीक झालीय. पूर्वी मी गेलो की दहा बायका अंगणात असायच्या, कुणाचा अर्ज, कुणाच्या नवऱ्याची तक्रार. आज कुणीच नव्हतं. गाडीचा आवाज ऐकून तिनं वर बघितलं, उठली, पदर सारखा केला.

“या,” म्हणाली. “बसा.”

मला वाटलं माझ्यामागं कुणी आहे. वळून बघितलं.

पाणी दिलं, चहा दिला. “वाटंत तरास न्हाई न झाला?” म्हणाली. सगळं ‘तुमी’, ‘या’, ‘घ्या’. मी हसून म्हटलं, “आई, मला काय अहो-जाहो करतेस?” ती शेंगा निवडत राहिली. मोठ्या पदावरच्या मुलाशी जुन्या बायका असंच बोलतात बहुतेक. मामा तहसीलदार झाल्यावर आजीही त्याला अहो म्हणायची असं ऐकलंय.

येताना साताऱ्यात कंदी पेढे घेतले होते. डबा पुढं केला. तिनं एक पेढा उचलला, नाकाशी नेला, वास घेतला आणि परत ठेवला. बीपीच्या गोळ्या दिल्या. पाकीट उलटसुलट करून बघितलं, तेही ठेवलं. “राजश्री आणून देती मला,” म्हणाली.

“खारघरला चल. इथं एकटी काय करणार?”

“नगं. तुमच्या घरात कोण काय म्हणून काय दील, मला वळकायचं न्हाई.”

मी पुष्कळ बोललो. पदाबद्दल, पगाराबद्दल, तिच्यासाठी वेगळी खोली करतोय त्याबद्दल. ती ऐकत होती, मध्ये मध्ये ‘बरं’, ‘बरं’ म्हणत होती. पोस्टमन आल्यावर म्हणायची तसं.

शेवटी उठलो. पाया पडायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले. फाटकापर्यंत मात्र आली. गाडी वळवत होतो तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी ओरडली, “कोन आलं हुतं गं, विजामाला?”

काच उघडी होती, त्यामुळं आईचं उत्तर मला नीट ऐकू आलं.

“मुंबईचं पाव्हनं हायत. बाबासोचं हाटेल कुटं हाय इचारत हुतं.”

म्हातारी पुन्हा काही विचारत बसू नये म्हणून असं म्हणाली असेल. गावात एकाला सांगितलं की सगळे गोळा होतात, मला उशीर झाला असता. काच वर घेतली.

हायवेला लागलो तर बाबासो हॉटेलच्या दारातच उभा. नवा बोर्ड, नव्या खुर्च्या. मला बघून दोन्ही हात वर केले, “दादा, आलाईस तर टेक की पाच मिनटं!” नाही म्हटलं असतं तर वाईट दिसलं असतं. गाडी बाजूला घेतली.